शृंगी घुबडाच्या गावाला जाऊन आलो

अरुण निवृत्त झाला आणि लगेच त्याने पक्ष्यांचे फोटो काढायची मोठी लेन्स घेतली. ती खोक्यातून बाहेर निघाली तेव्हा शेजारच्या काकूंना वाटलं, आम्ही नवा मिक्सर आणला. तेव्हापासून आमचे सगळे प्रवास पक्ष्यांच्या मागे होतात. म्हणजे नवरा पक्ष्यांच्या मागे आणि मी जेवणाच्या मागे.

सांगलीहून वऱ्हाडात जायचं ठरलं तेही असंच. माझी कॉलेजातली मैत्रीण मंगला तिकडे वडिलांची संत्र्याची बाग सांभाळते. ती वर्षानुवर्षं बोलावत होती, मी जाऊ या म्हणत होते आणि अरुण टाळत होता. मग कुणीतरी त्याला सांगितलं की त्या भागात घुबडं छान दिसतात. त्याच संध्याकाळी तिकिटं काढली गेली. हे खरं कारण मी मंगलाला फोनवर सांगितलं, तर ती हसतच सुटली. "म्हंजे माह्यापेक्षा घुबड बरं! ये व सुने, कशासाठी का होईना, पण ये." कॉलेजपासून मी तिची सुनी.

अकोला, बाळापूर

फेब्रुवारीत सांगलीला सकाळी अंगावर शाल लागते. अकोल्याला उतरलो आणि स्टेशनाबाहेर येईपर्यंत शाल पिशवीत गेली. समोरच्या गाडीवर मी बटाटेवडा मागितला. गाडीवाल्याने कढईतला झारा न थांबवता विचारलं, "आलूबोंडा म्हणता का तुमी?" तो आलूबोंडा वाटीत आला, वर लालभडक रस्सा, त्यावर कच्चा कांदा. आमच्याकडे वड्याला पाव लागतो, इथे पावाची आठवणही झाली नाही. नाकातून पाणी यायला लागलं तेव्हा गाडीवाला समाधानाने म्हणाला, "कोल्हापूरकडचे दिसता. तिखट सोसत नाही वाट्टे." माझ्या बेचाळीस पिढ्यांचा तो अपमान होता, पण तोंड एवढं भाजलं होतं की मी फक्त पाणी मागितलं.

बाळापूरचा किल्ला दोन नद्यांच्या मध्ये उंचावर उभा आहे. आम्ही तट चढून गेलो. काळ्या जमिनीवर हरभरा पिवळा पडत चालला होता आणि खालच्या वाळूत म्हशी बसल्या होत्या. मी ते बघत होते, अरुण भिंतीतल्या भोकाकडे बघत होता. भोकात दोन पिंगळे एकमेकांना चिकटून बसले होते, गाल फुगवून, झोपमोड झालेल्या म्हाताऱ्यांसारखे. पिंगळा हे आपलं घरोघरचं छोटं घुबड, सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशीसुद्धा आहे. पण नवीन लेन्सला नवं काय आणि जुनं काय! अरुणने पोटावर झोपून फोटो काढले आणि तिथेच बसून आपल्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकले, नकाशावरच्या खुणेसकट. ही त्याची शिस्तच होती. कुठे, कधी, कोणत्या वेळी, सगळं लिहायचं.

खाली चहावाल्याने विचारलं, "काय सापडलं बाप्पा वरते?"

"घुबड," अरुण म्हणाला.

"घुबडाचा फोटो काढून राहिले? काहून? एवढा किल्ला उभा हाय, त्याचा काढा ना!"

परतवाडा

परतवाड्याला मेळघाटात जाणाऱ्या जीपगाड्यांची झुंबड असते. एका जीपमध्ये किती माणसं मावतात हे बाहेरून मोजायचं नाही, आत बसूनच समजून घ्यायचं. आम्ही बाजारात फिरलो, दाट रबडी खाल्ली आणि मुक्कामाच्या लॉजवर आलो. जेवणाच्या खोलीत शेजारच्या टेबलावर अरुणच्या लेन्सपेक्षा मोठी लेन्स ठेवलेली होती. अरुणचा चेहरा पडला आणि लगेच फुललाही. ओळख झालीच. नागपूरचे विनायकराव, रुंद टोपी, गोड बोलणं, आणि सोबत त्यांचे मित्र प्रमोद.

"शृंगी घुबड मिळालं का?" विनायकरावांनी आवाज खाली आणून विचारलं.

शृंगी घुबड म्हणजे मोठ्या कोंबड्याएवढा पक्षी. डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे तुरे आणि नारिंगी डोळे. नाल्याच्या मातीच्या कड्यावर, जमिनीलगतच अंडी घालतं. पिल्लांसकट फोटो मिळणं ही या मंडळींच्या जगातली मोठी गोष्ट.

"कुठल्याशा संत्र्याच्या बागेमागच्या नाल्यात जोडी आहे, पिल्लं आहेत, एवढं कळलंय," विनायकराव म्हणाले. "पक्की जागा कळली तर सांगा. मीही एक जागा सांगतो. इथे असंच चालतं. तुमच्याकडे काय आहे?"

अरुण थोडा विचार करून म्हणाला, "बाळापूरला पिंगळे आहेत."

विनायकरावांनी विषय बदलला. पुढचा मुक्काम कुठे असं त्यांनी विचारलं आणि अरुणने मंगलाच्या गावाचं नाव सांगून टाकलं. आम्हाला तरी काय माहीत होतं!

मंगलाचं गाव

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने गावाचं नाव आणि तिथे कसं जायचं हे सांगायचं असतं. मी ते सांगणार नाही. शेंदूरजनाघाटचा संत्र्यांचा बाजार आम्ही वाटेत पाहिला, तिथे ट्रक भरताना सगळ्या गल्लीला सालीचा वास येतो. ते गाव तिथून जवळ असेल किंवा नसेलही. अमरावती जिल्ह्यात असेल, नाहीतर अकोल्यात. कारण पुढे येईलच.

मंगला रस्त्यावर उभी होती. केस पिकलेत, पण चालणं कॉलेजातलंच, समोरच्याने बाजूला व्हावं असं. तिचे यजमान अमरावतीला शिक्षक, ते रविवारी येतात. बाग ती आणि तिचे वडील बघतात. वडिलांना सगळं गाव दादाजी म्हणतं. त्यांनी अरुणचा हात धरला आणि "या जवाई" म्हणून थेट पाटावर बसवलं. मुलीची मैत्रीण म्हणजे मुलगी, म्हणून हा जावई. जावयाला पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा चार वेळा वाढला गेला.

संध्याकाळी बागेत गेलो. बागेच्या अर्ध्या भागात झाडांवर पिकलेली संत्री लटकलेली, अर्ध्यात आंबियाचा, म्हणजे नव्या बहराचा, फुलोर. त्या पांढऱ्या फुलांचा वास असा होता की बोलताना मध्येच थांबावंसं वाटे. तेवढ्यात पलीकडून, नाल्याच्या बाजूने, खोल घुमणारा आवाज आला. बूऽऽ-हू. अरुण जागच्या जागी थिजला.

"शृंगी," तो म्हणाला. "मंगलाताई, हे तुमच्याकडे आहे?"

"हाय ना. दोन पिल्लं हायेत. सुनीने सांगितलं तू घुबडासाठी येऊन राहिला, तवाच बाबाले विचारलं, दाखवू का म्हणून."

"मग?"

"जवाई हाय, दाखवाच लागीन म्हणाले. पण अटी हायेत."

अटी दादाजींनी स्वतः सांगितल्या. नाल्यात उतरायचं नाही. विहिरीवरच्या मोटरच्या खोलीच्या छतावरूनच पाहायचं. फोन घरी ठेवायचा. आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची. "त्याच्यासमोर कोणाचं नाव घ्याचं नाही. ते नाव पाठ करते अन् रोज घेत राह्यते. मंग तो माणूस झिजून झिजून मरते."

अरुणने माझ्याकडे पाहिलं. मी लग्नापासून नवऱ्याला नावाने हाक मारते. सासूबाईंनी हात टेकले होते. त्या छतावर मी आयुष्यात पहिल्यांदा "अहो" म्हणाले आणि अरुणने एवढ्या कौतुकाने वळून पाहिलं की दादाजींना भलतंच समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात ती दिसली. मातीच्या कड्याला एक ओटा होता, त्यावर मादी, मातीच्याच रंगाची. ती हलली नसती तर मला कधीच दिसली नसती. तिच्या पोटाशी कापसाचे दोन बोळे, त्यातल्या एकाने जांभई दिली. मधल्या फांदीवरचा संत्र्याचा फुलोर वाऱ्याने हलला आणि अरुणने बटण दाबलं. खाली उतरून त्याने मला पडद्यावर फोटो दाखवला. मला फोटोतलं काही कळत नाही, पण हा मी दोनदा मागून पाहिला. पुढे पांढरी फुलं, मागे ते नारिंगी डोळे.

"हा ग्रुपवर गेला तर..." अरुण म्हणाला आणि वाक्य अर्धंच राहिलं, कारण मंगला समोर उभी होती.

तिने सांगितलं ते असं. मागच्या वर्षी एका पाहुण्याने असाच फोटो टाकला होता, गावाच्या नावासकट. पाहुणा भला माणूस, त्याच्या मनात काही नव्हतं. पण आठवडाभरात गाड्या यायला लागल्या. नीट दिसावं म्हणून लोकांनी कड्यावरच्या फांद्या तोडल्या, सावली गेली. एक पिल्लू घाबरून पाण्यात पडलं. गर्दी ओसरली तेव्हा मोटरसायकलवर दोघं आले. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता. घुबडाची नखं पाहिजेत, पिसं पाहिजेत, असं ते गावात विचारत होते. अमावास्येच्या पूजेला लागतात म्हणे.

"फोटो कोणासाठी टाकला अन् पाह्यला कोणी, हे आपल्या हातात राह्यते का?" मंगला म्हणाली.

अरुणने कॅमेरा बंद केला. त्या संध्याकाळी विनायकरावांचा फोन आला. मिळालं का, असं त्यांनी विचारलं असणार, कारण अरुण म्हणाला, "नाही हो. इकडे काहीच नाही. कावळे आहेत." अरुणला खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि इतकं वाईट खोटं मी कुणाचंच ऐकलेलं नाही.

पाहुणे

दुसऱ्या दिवशी चहा होतोय तोच बागेच्या फाटकाशी गाडी उभी राहिली. विनायकराव आणि प्रमोद. अरुण स्वयंपाकघरात येऊन लपला. खरंच लपला, कणगीच्या मागे.

मला वाटलं दादाजी त्यांना हाकलतील. पण दारात आलेल्या माणसाला हाकलणं त्यांच्या रीतीत नव्हतं. "घुबड पाह्याले आले? बसा. आधी जेवा." दुपारच्या जेवणाला रोडगे होते. गव्हाच्या पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी. आमच्याकडे असा बेत एखाद्या जत्रेला व्हावा. रोडगे भाजेपर्यंत सूर्य डोक्यावर आला. दादाजींचा हिशोब मला उशिरा कळला. दोन रोडगे पोटात गेलेला माणूस कुठेही चालून जात नाही.

जेवताना मंगलाने सरळ सांगून टाकलं. "पक्षी हाय. पण दाखवत नाही आमी."

विनायकराव रागावले नाहीत. ते म्हणाले, "ताई, एक विचारू? लोकांनी कधी पाहिलंच नाही, तर त्यांना जपावंसं कशाला वाटेल? मी फोटो पाहूनच या नादाला लागलो. त्याआधी मीही घुबड दिसलं की तोंड फिरवायचो."

हे बोलणं मला पटलं. मी स्वतः त्या छतावर चढेपर्यंत शृंगी घुबड जगलं काय नि मेलं काय, मला सोयरसुतक नव्हतं. मंगलानेही मान डोलावली. मग म्हणाली, "फोटो दाखवा ना भाऊ, कोण नाही म्हणते? पत्ता काहून देता? गावात कोणाच्या घरी बाळंतीण असली तर तुमी खिडकीतून डोकावता का?"

विनायकराव हसले. तेवढ्यात नाल्यावरून आवाज आला. बूऽऽ-हू. भर दुपारी.

दादाजींनी घास खाली ठेवला. "या वक्ती कसं बोलते हे?"

आवाज परत आला, अगदी तसाच, एकाच मापाचा. अरुण कणगीमागून बाहेर आला. "हा पक्षी नाही. हे स्पीकरवर वाजतंय. प्रमोद कुठे आहेत?"

हात धुवायला गेलेले प्रमोद मागच्या दाराने नाल्यात पोहोचले होते.

आम्ही सगळे धावलो. छत वगैरे विसरून नाल्याच्या काठावर गेलो. खाली प्रमोद उभे, हातात छोटा स्पीकर, चेहरा पांढराफटक. त्यांच्या समोर मादी जमिनीवर पडली होती. एक पंख लुळा, फरफटत, चोचीने कटकट करत ती झुडपांकडे सरकत होती.

"पंख मोडला हिचा!" प्रमोद ओरडले आणि तिच्यामागे गेले. "मी काही केलं नाही! आपोआप पडली!"

"प्रमोद!" विनायकरावांनी हाक मारली. "प्रमोद, थांब! प्रमोद, मागे ये!"

माझ्या शेजारी दादाजी कळवळले. "अरे, नाव नका घेऊ! तीनदा घेतलं!"

"पंख मोडलेला नाही," अरुण ओरडला. "सोंग आहे ते! तुम्हाला पिल्लांपासून लांब नेतेय. तिच्यामागे जाऊ नका, वर या!"

तिकडे ओटा उघडा पडला होता आणि कावळ्यांनी ते हेरलं होतं. पिल्लं मागे सरकता सरकता त्यातलं एक कड्यावरून घसरलं आणि खालच्या घाणेरीच्या जाळीत गेलं. दुसरं ओट्यावर फुगून उभं होतं आणि कावळे झाडावरून एकेक फांदी खाली येत होते.

अरुणच्या गळ्यात कॅमेरा होता, अंगाशी बांधलेल्या बाळासारखा तो नेहमीच असतो. समोर ती मादी आता दोन्ही पंख पसरून, अंग दुप्पट करून उभी राहिली होती, ऊन सगळं तिच्यावर. त्याचा हात कॅमेऱ्यावर गेला, मी पाहिलं. मग त्याने कॅमेरा काढून माझ्या हातात कोंबला, मंगलाच्या खांद्यावरचा पंचा ओढला आणि काठाने पळत सुटला. पंचा गरगर फिरवत, "हाड! हाड!" करत. माझा नवरा, जो पक्षी उडेल म्हणून मला शिंकूही देत नाही. कावळे उठले, परत बसले, परत उठले. विनायकरावांनीही टोपी काढली आणि त्याच्या बाजूला जाऊन ते ती फिरवायला लागले. शेवटी कावळे पलीकडच्या वावरात गेले.

"आता सगळ्यांनी घरी," मंगला म्हणाली. "पिल्लाले कोणी हात लावाचा नाही. आपण गेलो तरच ते परत येईन."

छतावर

ती दुपार फार लांबली. ओसरीवर आम्ही सगळे बसून होतो. प्रमोद खाली मान घालून होते. "मला वाटलं, आवाज ऐकून जरा वर बघेल, एवढंच," ते एकदा म्हणाले. त्यांना कोणी रागे भरलं नाही. उलट दादाजींनी त्यांच्या वाटीत आणखी तूप ओतलं. "खा बाप्पा. तुमचं नाव त्यानं ऐकलं. अंगात ताकद पाह्यजे."

उन्हं कलली तसे आम्ही मोटरच्या खोलीच्या छतावर चढलो. कॅमेरे घरी ठेवले होते. ते कुणी सांगितलं नव्हतं, विनायकरावांनी आपला आधी ठेवला. ओट्यावर एकच पिल्लू दिसत होतं. मादी नव्हती. जाळीत काही हलत नव्हतं. बागेतला फुलोराचा वास वर येत होता आणि आम्ही सगळे एकमेकांची नावं न घेता, दगडासारखे बसलो होतो.

मग पलीकडच्या कडुनिंबावरून आवाज आला. या वेळच्या हुंकाराला मापबीप नव्हतं, तो घोगरा होता, मध्येच तुटत होता. सावलीसारखी ती आली, पंखांचा आवाज मुळीच नाही. पायात उंदीर होता. ती ओट्यावर उतरली नाही. थेट जाळीपाशी उतरली. जाळी हलली, आणि तिच्यातून मळलेला कापसाचा बोळा तुरुतुरु चालत बाहेर आला आणि त्याने उंदीर तिच्या पायातून अक्षरशः हिसकावून घेतला.

मंगलाने माझा दंड एवढा आवळला की वळ उठला. अरुण डोळे पुसत होता. प्रमोद उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. दादाजी म्हणाले, "पाह्यलं? भूक लागली होती त्याले."

जाताना विनायकरावांनी मंगलाला हात जोडले. स्पीकर त्यांनी गाडीच्या डिकीत टाकला. देवाणघेवाणीत ही जागा कुणाला देणार नाही, असं काही ते बोलले नाहीत, पण फाटकाशी थांबून त्यांनी फोन काढला, कुणाला तरी लावला आणि आम्हाला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "नाही रे, अफवा होती. इकडे फक्त कावळे आहेत." अरुणपेक्षा ते फार सफाईने खोटं बोलतात.

परत सांगली

अमरावतीला दह्यातला गिला वडा खाऊन आम्ही गाडीत बसलो. घरी आल्यावर अरुणने फोटो ग्रुपवर टाकला नाही. पिल्लं उडाली की टाकतो, असं त्याचं ठरलं होतं. मलाही ते योग्य वाटलं. एकदा उडाली की मग कुणाला काय त्रास?

उन्हाळा वाढला तसा एक दिवस मंगलाचा फोन आला. मी स्पीकर सुरू केला. "उडाले व सुने, दोघंही उडाले! जाळीतलं आधी उडालं!"

अरुणने टाळी वाजवली. "मग मंगलाताई, आता टाकू का फोटो?"

मागून दादाजींचा आवाज आला. "जवाई, पुढच्या सालीही ते अथीच बसते. माह्या बापाच्या वेळेपासून बसून राह्यलं."

ही गोष्ट आमच्या दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. आम्ही समजत होतो ते गुपित दोन महिन्यांचं आहे. ते तर दादाजींच्या वडिलांच्या वेळचं निघालं.

"बरं दादाजी," अरुण म्हणाला. "नाही टाकत."

"तसं नाही. माणसाइले दाखवा ना. घरी बोलवा, चहा पाजा, दाखवा."

आम्ही तेच करतो. फोटो मोठा करून आणलाय आणि जेवायच्या टेबलासमोर लावलाय. शेजारच्या काकू रोज एकदा येऊन बघतात आणि डोळे मोठे आहेत म्हणतात. सांगलीला आलात तर तुम्हीही या. पोहे करीन. गाव सोडून बाकी सगळं अरुण तुम्हाला सांगेल, हुंकारसुद्धा काढून दाखवेल, आणि तो बराच वेळ चालतो, तेव्हा सवडीने या.